एका फ्लॉपीत मावलेलं नाटक

सुतळी कापून वरचं पोस्टर उलगडलं, तर मधल्या मोठ्या चौकटीत दुसऱ्याच बाईचा चेहरा होता.

वडस्याच्या बसस्टँडवर भिंतीला टेकून मी उकिडवा बसलो होतो. नागपूरच्या दुपारच्या गाडीनं पोस्टरचे गठ्ठे आले होते. वाटलं, एखादं चुकीचं वर आलं असेल. खालचं ओढून पाहिलं. त्याच्या खालचं पाहिलं. चौथ्यानंतर पाहणं सोडून दिलं. ऑफसेटचं मशीन एकदा चुकलं की शेवटच्या कागदापर्यंत तीच चूक छापत जातं.

चौकटीत असायला हवी होती वत्सलाबाई. दिसत होती रजनी. तीही धड दिसत नव्हती. लहान फोटो ताणून मोठा केल्यामुळे गालावर, कपाळावर बारीक चौकोन उठले होते. आणि हे कशामुळे झालं असणार, ते मला त्या स्टँडवरच कळलं होतं. दोष कोणाला द्यायचा याची सोय शोधत मी उगाच दहा मिनिटं तिथे बसून राहिलो.

माझं वडस्यात डीटीपीचं दुकान आहे. डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवणं. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं, आणि हंगामात झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या जंगलाच्या मुलखातल्या, नाटकांची पोस्टरं. माझे अब्बा पेंटर होते. नाटकांचे बोर्ड ते हातानं रंगवायचे, कलाकारांचे चेहरेसुद्धा. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा बोर्ड कमी झाले, छापील पोस्टरं वाढली आणि ब्रशचं काम माझ्या माऊसकडे आलं. अब्बा दुकानात येऊन बसायचे आणि स्क्रीनकडे पाहून काहीबाही विचारायचे. मी अर्धं ऐकायचो.

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं की आमच्याकडे पोस्टर म्हणजे नुसती जाहिरात नसते. दसरा झाला की गावोगावची मंडळं वडस्यात येतात. दिवाळीनंतर, धान कापून झाल्यावर गावात मंडई, म्हणजे जत्रा भरते, तेव्हा नाटक लागतं. त्यासाठी मंडळांची माणसं नाटक कंपन्यांच्या ऑफिसांतून फिरतात, भिंतीवरची पोस्टरं पाहतात, चेहऱ्यांवर बोट ठेवून चर्चा करतात आणि मग नाटक ठरवतात. पोस्टरवर ज्याचा चेहरा मोठा, तो त्या वर्षीचा मोठा कलाकार. ज्याचा फोटोच नाही, त्याच्या जागी कोणीही उभा राहिला तरी मंडळाची तक्रार नसते.

वत्सलाबाईचा फोटो वीस वर्षांत कधी पोस्टरवर आला नव्हता. ती कायम मावशी, सासू, शेजारीण. नाव शेवटच्या ओळीत, बारीक टाइपात. पण ती बोलायला लागली की शेवटच्या तट्ट्यावरची, म्हणजे बांबूच्या चटईवरची माणसंसुद्धा गप्प बसायची. त्या वर्षी कंपनीचे मालक नामदेवभाऊ यांनी आईवरचं नाटक काढलं आणि आईची मुख्य भूमिका तिला दिली. मोठी चौकट तिची, असं मला त्यांनीच सांगितलं होतं.

त्यासाठी ती मुद्दाम ब्रह्मपुरीला जाऊन फोटो काढून आली. हिरवं काठाचं लुगडं, केसांत फूल, नजर सरळ. फोटो रुमालात गुंडाळून तिनं दुकानात आणला.

"सलीम, हा मोठ्या चौकोनाचा. नामदेवभाऊनं सांगतलं ना तुले?"

"सांगतलं बाई."

"पाय, लुगड्याचा काठ कटला तरी चालते. पन कपाळ नोको कापू. मांगच्या साली त्या कॉमेडीवाल्याचं डोस्कं अर्धंच छापलतं तुनं."

"ते प्रेसवाल्यानं केलं बाई."

"तुमचं दोघायचं तुमी पाहा. माह्यावाला पुरा ठेवजो. अन् पाच पोस्टरं मले देजो. नागभीडकडं भावाच्या गावाले न्याचे हायेत. त्यायले वाटते मी अजून मावशीच करून राह्यली."

फोटो तिनं टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, पदरानं पुसला आणि मग माझ्या हातात दिला.

आता कामाचं सांगतो. पोस्टर मी जुळवायचो, छपाई नागपूरच्या एका प्रेसमध्ये व्हायची. फाइल फ्लॉपीत भरायची, फ्लॉपी पाकिटात, पाकीट एस.टी.च्या कंडक्टरच्या हातात, आणि नागपूरला स्टँडवर प्रेसचा माणूस ते घ्यायचा. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी चपटी चौकोनी डबी. आजच्या मोबाइलचा एक फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही. त्यामुळे एका पोस्टरला मला तीन-तीन, चार-चार फ्लॉप्या लागायच्या. त्यातली एखादी हमखास प्रवासात बिघडायची. प्रेसमधला ऑपरेटर प्रशांत यावरून माझी खेचायचा. "वडस्याहून फ्लॉप्यांची पोतडी आली," असं तो फोनवर मोठ्यानं म्हणायचा आणि मागे दोघं-तिघं हसायचे. मला ते लागायचं. जंगलातला माणूस पोतडीच घेऊन येणार, असा त्याचा सूर मला ऐकू यायचा. त्याच्या मनात तसं होतं की नाही, देव जाणे.

त्या महिन्यात कॉम्प्युटरच्या एका मासिकासोबत फुकट सीडी आली. त्यात फोटो साठवायचा एक नवा फॉरमॅट होता. फॉरमॅट म्हणजे फोटोची घडी घालायची पद्धत. घडी जशी घातली तशीच उलगडता आली पाहिजे. आपला नेहमीचा जेपीजी फोटोचे बारीक चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातलं डोळ्याला न जाणवणारं वगळतो. फार दाबला की ते चौकोन दिसायला लागतात. हा नवा फॉरमॅट चौकोन पाडतच नव्हता. सबंध फोटो लाटांसारखा घेऊन त्यातल्या मोठ्या लाटा आधी आणि बारीक लाटा नंतर, अशा हिशेबानं साठवायचा. मी करून पाहिलं. फाइल सात-आठ पट लहान झाली आणि फोटो लोण्यासारखा नितळ राहिला. मी खुर्चीतून उठून दुकानात एक फेरी मारली. अशी चीज वडस्यात माझ्याकडे आणि नागपूरच्या प्रेसला पत्ता नाही, याचा मला फार आनंद झाला.

पोस्टरवर एकूण आठ फोटो होते. सात लहान चौकटीतले, ते मी साध्या जेपीजीत केले. आठवा वत्सलाबाईचा. मोठा छापायचा म्हणून तो मोठ्या मापात स्कॅन केला होता, आणि त्या एकट्याचं वजन बाकी साऱ्यांइतकं होतं. पोस्टरची मांडणी आणि सात फोटो एका फ्लॉपीत बसले. आठवा बसेना.

दुसरी फ्लॉपी होती. ड्रॉवरमध्येच होती, माझ्या उजव्या हाताला, न उघडलेली. हे मी एक माणूस सोडून आजवर कोणाला सांगितलं नाही. लोकांना मी सांगत आलो की फ्लॉप्या संपल्या होत्या, दुकानं बंद होती, बसची वेळ झाली होती. बसला तासभर अवकाश होता. मला आख्खं नाटक एका फ्लॉपीत पाठवायचं होतं, बस. प्रशांतला दाखवायचं होतं.

मी वत्सलाबाईचा फोटो नव्या फॉरमॅटमध्ये केला. फ्लॉपीत सहज बसला, वर जागाही उरली. त्या घडीला मला खरोखर असं वाटत होतं की सगळ्यात चांगली गोष्ट मी तिच्याच फोटोला दिली.

तो उघडायला लागणारा प्रोग्रॅम सोबत पाठवावा, हेही डोक्यात आलं होतं. पण तो उरलेल्या जागेत मावेना. मावेना म्हणजे काय, तो रिकाम्या फ्लॉपीतही मावला नसता. फोटो दाबून जेवढी जागा वाचवली त्याच्या कितीतरी पट जागा तो फोटो बघण्याच्या यंत्रणेलाच लागत होती. कोणी शहाणा असता तर तिथेच थांबला असता. मी म्हटलं, ते मासिक प्रशांतकडेही येतं, सीडी त्याच्याकडे असणारच. चिठ्ठीत तसं लिहिलं.

अब्बा बाजूला बसून पाहत होते.

"इतना छोटा हो गया?"

"हां अब्बा. एकदम छोटा."

"वहाँ दिखेगा ना?"

"दिखेगा, दिखेगा," मी म्हटलं आणि पाकिटाला डिंक लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"सलीमभाऊ, हे काय पाठवलं? सात फोटो उघडले. आठवा कॉम्प्युटरला ओळखूच येत नाही."

"चिठ्ठी वाचली नाही का? मासिकाची सीडी टाक, त्यातला प्रोग्रॅम बसव, उघडते."

"कोणती सीडी?"

"या महिन्याची."

त्यानं टेबलावर काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "ती होय. तिच्यावर साहेब चहाचा गिलास ठेवतात. चालून राह्यली नाही ती आता, चरे पडले."

"दुसऱ्या कोनाकडं असन."

"असन. पण मी आता धंतोलीभर सीडी मागत फिरू का? मशीन संध्याकाळी लागते. त्यानंतर दुसऱ्याचं काम लागलं की तुमचा नंबर चार दिवसांनी."

"मी आत्ताच साधा जेपीजी करून पाठवतो. तिकडे संध्याकाळपर्यंत पोचते."

"पाठवा. गाडी वेळेवर आली तर ठीक. नाही तर मी पाहतो."

हे "पाहतो" मी ऐकलं आणि सोडून दिलं. नागपूरकडे "पाहतो" म्हणजे आपल्या मनानं काहीतरी करून टाकतो, हे मला माहीत होतं, तरी सोडून दिलं. ड्रॉवरमधली फ्लॉपी काढली, तिच्यात मोठा जेपीजी भरला, धावत स्टँडवर गेलो. गाडी भिवापूरच्या अलीकडे पंक्चर झाली. फ्लॉपी नागपूरला पोचली तेव्हा मशीन सुरू होऊन दोन तास झाले होते.

प्रशांतनं जे केलं त्याला मी आजही चूक म्हणू शकत नाही. मधली चौकट रिकामी ठेवून पोस्टर छापता येत नाही. कोणता चेहरा कोणाचा, ते त्याला माहीत नव्हतं. बायकांच्या फोटोंपैकी जो चेहरा मोठा केल्यावर बरा दिसला तो त्यानं ताणून तिथे बसवला. तो रजनीचा होता. रजनी नाटकात सून होती, बावीस-तेवीस वर्षांची, दुसरंच वर्ष तिचं. तिचा लहान फोटो खाली आपल्या जागेवरही होता. म्हणजे पोस्टरवर रजनी दोनदा आणि वत्सलाबाई शेवटच्या ओळीत, नेहमीच्या टाइपात. ती ओळ मी मांडणीत तशीच राहू दिली होती, कारण वर एवढा मोठा फोटो येणार होता.

स्टँडवरून गठ्ठे घेऊन मी नामदेवभाऊंच्या ऑफिसात गेलो. त्यांनी पोस्टर भिंतीला लावून दोन पावलं मागे होऊन पाहिलं.

"हे काय झालं बे?"

मी सांगितलं. फॉरमॅट, फ्लॉपी, सीडी. त्यांनी निम्म्यात हात वर केला.

"म्हंजे फोटो गेला होता का नोयता?"

"गेला होता भाऊ. पन त्यायच्याकडं उघडला नाई."

"मंग गेला कुठी?"

मी म्हटलं, पुन्हा छापू, माझ्याकडून. ते म्हणाले, मशीन चार दिवसांनी, पोस्टर यायला पाचवा, तोपर्यंत निम्मी मंडळं दुसऱ्या कंपन्यांकडे ठरवून मोकळी होतील. मग माणसांना बोलावून गठ्ठे वाटायला लावले. कुरखेड्याकडचा एक, आरमोरीचा एक, सिंदेवाहीचा एक. संध्याकाळपर्यंत पोस्टरं एस.टी.च्या टपांवरून निघून गेली होती.

वत्सलाबाई दुसऱ्या दिवशी पाच पोस्टरं न्यायला माझ्याकडे आली. मी ऑफिसातून थोडी मागून ठेवली होती. घरात अब्बांच्या मदतीनं तिच्या फोटोच्या रंगीत प्रिंट काढून, चौकटीच्या मापात कापून, त्यांवर नीट चिकटवल्या होत्या. अब्बांनी कडेनं रंगाची रेघ मारून जोड लपवला होता. लांबून कळत नव्हतं. मला वाटलं, निदान तिच्या गावात तरी.

तिनं पोस्टर हातात घेतलं, जवळ धरलं, मग नखानं कोपरा हळूच उचकटला. खालून रजनीचा डोळा दिसला. कोपरा तिनं पुन्हा दाबून बसवला.

"बाकीच्यावर कोन हाये?"

"रजनी."

"काऊन?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मध्येच एकदा फक्त विचारलं, "माहा एकटीचाच असा केलता का?"

"हो. तुमचा मोठा होता म्हनून."

"मोठा होता म्हनून," ती म्हणाली. पोस्टरं तिनं टेबलावरच ठेवली. "राहू दे. चिकटवलेलं ते चिकटवलेलंच दिसते. भावजय पयले कोपराच पाहीन."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुनं जानून थोडी केलं." त्या वेळी ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता.

पुढचं आठ दिवसांत झालं. मंडळं ऑफिसात यायला लागली. घडी घातलेलं पोस्टर खिशातून काढायची आणि मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवायची. ही बाई मेन आहे ना, ही येईल ना. नामदेवभाऊ सुरुवातीला सांगायचे की मेन वेगळी आहे, अनुभवी आहे. लोक एकमेकांकडे पाहायचे. पोस्टरवर एक आणि उभी दुसरी, असं फसवून गेलेल्या कंपन्या त्यांनी पाहिल्या होत्या. दोन मंडळं उठून गेली. तिसरं आलं तेव्हा भाऊंनी "हो, हीच" म्हणून टाकलं.

मी ऐकून ऑफिसात गेलो.

"भाऊ, चूक माही हाये. बाईले काऊन शिक्षा?"

"शिक्षा कोन देऊन राह्यला? मी देतो का?" ते शांतपणे म्हणाले. "चूक कोनाचीबी असो. पोस्टर छापलं ना. जे दिसते ते पब्लिकले द्या लागते. रजनीच्या केसाले पावडर लावू, चष्मा लावू. होते आई."

"अन् वत्सलाबाई?"

"मावशी हाये ना नाटकात."

मावशी होतीच. नाटकात मावशी असतेच.

मी एक प्रयोग पाहिला. रजनी वाईट नव्हती. पावडर घामानं ओघळत होती, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी दुसऱ्या अंकात आली, चार वाक्यं बोलली, आणि शेवटचे तट्टे गप्प झाले. मी पुढे थांबलो नाही.

पुढच्या वर्षी आईची मुख्य भूमिका असलेलं नाटक नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी होतं, पण तोवर रजनीचं नाव झालं होतं. मग वत्सलाबाईचा गुडघा गेला आणि तिनं काम सोडलं.

त्या फॉरमॅटचं काय झालं तेही सांगायला हवं. तो चालला नाही. वाईट होता म्हणून नव्हे. आजही मी म्हणेन की तो जेपीजीपेक्षा चांगला होता. पण त्याचा फायदा मला एकट्याला होता आणि त्रास पुढच्या प्रत्येकाला. मी दाबणार, मग प्रेसवाल्यानं प्रोग्रॅम बसवायचा, प्रेसवाला पुढे ज्याला फोटो देईल त्यानंही बसवायचा, आणि हे सगळं कशासाठी, तर सलीमची एक फ्लॉपी वाचावी म्हणून. कोण करणार? शिवाय तो प्रोग्रॅम एकाच कंपनीचा, सुरुवातीला फुकट, नंतर परवाना घ्या. दोन वर्षांत सीडी लिहायची यंत्रं वडस्यातसुद्धा आली, मग पेनड्राइव्ह आले. ज्या अडचणीवर त्यानं उपाय काढला होता ती अडचणच राहिली नाही. पुढे जेपीजीच्याच घराण्यात त्याच लाटांच्या पद्धतीचा सुधारलेला भाऊ आला, जेपीजी २०००. गुणी म्हणून त्याचं कौतुक पुष्कळ झालं. पण माझ्या दुकानात येणाऱ्या एकाही कॅमेऱ्यात मी तो पाहिला नाही. ताणलेला, चौकोन पडलेला रजनीचा जेपीजी सगळीकडे उघडत होता. त्यातच सगळं आलं.

मध्ये सहा-सात वर्षं गेली. एका दुपारी वत्सलाबाई काठी टेकत दुकानात आली. केस पांढरे झाले होते. तिच्या भावाच्या गावातल्या मंडळानं मंडईत जुन्या कलाकारांचा सत्कार ठेवला होता. मोठं फ्लेक्स लावणार होते, आणि त्यावर तिचा नाटकातल्या दिवसांचा फोटो हवा होता.

"भावजयनंच सांगतलं म्हने मंडळाले," ती म्हणाली. "बाईले मोठी लावा म्हने."

तिनं पिशवीतून एक फ्रेम काढली. ब्रह्मपुरीचा तोच फोटो. पण घर गळलं होतं, ओल आत शिरली होती आणि फोटो काचेला चिकटला होता. कोणीतरी ओढून काढायला गेलं तर चेहरा काचेवर राहिला आणि कागदावर फक्त हिरवं लुगडं. काचेवरचंही नंतर पोपडे होऊन पडलं.

"तुह्या कम्पुटरात हाये ना माहा? तवाचा?"

"हाये बाई. बसा."

होता. प्रत्येक नव्या कॉम्प्युटरवर मी जुनी कामं उतरवून घेत आलो होतो. तिच्या नावाची फाइल सापडली. पण एकच, ती लहान. मोठा जेपीजी मी त्याच हंगामाच्या शेवटी पुसून टाकला होता. हार्डडिस्क तेव्हा एवढीशी असायची आणि फोटो लहान फाइलमध्ये आहेच, मग दोन कशाला ठेवायच्या, असा विचार केला होता. ज्या फ्लॉपीतून तो मोठा फोटो नागपूरला पाठवला ती परत आल्यावर तिच्यावर कोणाची तरी लग्नपत्रिका भरली होती.

फाइल उघडेना. तो प्रोग्रॅम नव्या विंडोजमध्ये बसेना. मासिकाची सीडी शोधून काढली, तर तिला बुरशीचे ठिपके पडले होते. ड्राइव्ह घरघर करून थांबला. इंटरनेटवर कंपनीचं नाव टाकलं, तर त्या पत्त्यावर आता भलतंच काही विकत होते. तिला चहा सांगितला आणि नागपूरला प्रशांतला फोन लावला. तोवर तो स्वतःच्या फ्लेक्सच्या दुकानाचा मालक झाला होता. त्याला फाइल मेलनं पाठवली. चहा थंड होईपर्यंत त्याचा फोन आला. या खेपेला त्यानं खेचली नाही. "नाही होत सलीमभाऊ. अजून एकदोघांना विचारतो," म्हणाला. त्यानं विचारलंही. कोणाकडे झालं नाही.

वत्सलाबाई माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. स्क्रीन तिच्याकडे फिरवली. तिचं नाव दिसत होतं, फाइलचं वजन दिसत होतं, ती कोणत्या तारखेला बनवली ते दिसत होतं.

"हे तुमचंच हाये बाई," मी म्हटलं. "पुरा फोटो हाये याच्यात. कपाळ, काठ, सगळं. पन दिसत नाई."

तिनं स्क्रीनवरच्या आपल्या नावाकडे जरा वेळ पाहिलं.

"पोस्टरवानीच," ती म्हणाली.

मग मी तिला सांगितलं. दुसरी फ्लॉपी ड्रॉवरमध्ये होती हे. इतक्या वर्षांनी, कोणी विचारलं नसताना. तिनं गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला. उठताना म्हणाली, "मंग आताचाच काढ. कपाळ नोको कापू."

माझ्याकडच्या डिजिटल कॅमेऱ्यानं तिचा फोटो काढला. म्हातारीचा चेहरा, सरळ नजर, काठी फ्रेमच्या बाहेर. साधा जेपीजी. प्रशांतच्या दुकानात तो पहिल्या फटक्यात उघडला. त्यानं फ्लेक्सवर छापला, छपाईचे पैसे मागितले नाहीत. फ्लेक्स गावच्या पाराला लागलं, तिचा चेहरा खाटेएवढा मोठा. खाली लिहिलं होतं, ज्येष्ठ कलावंत. मी जाऊन पाहून आलो. येणाऱ्याजाणाऱ्यांत तिला आई म्हणून पाहिलेलं कोणीच नव्हतं. त्यांना मावशी आठवत होती.

आता नवं काही आलं की दुकानातली पोरं उत्साहानं दाखवतात, आणि मी अब्बांचा प्रश्न विचारतो. तिकडे दिसेल ना? तेवढाच शिकलो, आणि तोही उशिरा.

वत्सलाबाईची ती फाइल मी पुसली नाही. कॉम्प्युटर बदलला की आधी ती उतरवून घेतो. जागा काहीच घेत नाही. तेवढा एक शब्द मात्र त्या फॉरमॅटनं पाळला.